स्पर्धा तिकडे, कॅमेरा इकडे: मोठ्या स्पर्धेवर डॉक्युमेंटरी करायचीय तर आधी एवढं वाचून घ्या

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी पोरगं फोन करतं, धुळ्याचं नाहीतर भुसावळचं, लग्नाचं शूटिंग करणारं, हात चांगला बसलेला, नवीन कॅमेरा हप्त्यावर घेतलेला, आणि विचारतं की भाऊ, ऑलिम्पिकवर नाहीतर एशियन गेम्सवर डॉक्युमेंटरी करायचं डोक्यात आहे, परमिशन कुठे भेटते. मी म्हणतो, भेटत नाही. मग तिकडून थोडा वेळ काहीच आवाज येत नाही. म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच टाकू.

माझी ओळख एवढीच की मी अमळनेरला लग्न-साखरपुडे शूट करतो, आणि मधल्या काळात दीड-दोन वर्षं घालून एक डॉक्युमेंटरी केली, पारोळ्याकडच्या एका धावणाऱ्या मुलीवर, जी चीनमधल्या हांगझोऊच्या एशियन गेम्सला जायचं म्हणून जीव काढत होती. तिचं नाव लिहीत नाही, कारण परवानगी तिने फिल्मसाठी दिलीय, लेखासाठी नाही. ती गेली का? नाही गेली. फिल्म झाली का? झाली.

पायरी १: स्टेडियम डोक्यातून काढा

ऑलिम्पिकचं मैदानातलं चित्रण ऑलिम्पिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस नावाची संस्था करते, २००१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनेच ती उभी केली. आपण टीव्हीवर बघतो ते मुख्यतः तिचंच फीड, म्हणजे तिने पाठवलेलं थेट चित्रण, ज्या चॅनेलने आपल्या देशाचे हक्क विकत घेतले तो ते दाखवतो आणि वरून आपली कॉमेंट्री टाकतो. ज्यांच्याकडे हक्क नाहीत त्या मोठमोठ्या न्यूज चॅनेलांनाही स्पर्धेच्या जागी व्हिडिओ काढू देत नाहीत, ते बिचारे गेटबाहेर उभे राहून बोलतात. पत्रकारांचे पास असतात, पण ते त्या त्या देशाच्या ऑलिम्पिक समितीमार्फत कोट्याने वाटले जातात, आपल्याकडे इंडियन ऑलिम्पिक असोसिएशन, आणि त्या रांगेत तुमच्या-माझ्या पुढे बरीच माणसं उभी असतात. एशियन गेम्स, कॉमनवेल्थ, वर्ल्ड कप, सगळीकडे चाल हीच, नावं बदलतात.

मग कोणी म्हणतं तिकीट काढून आत जाऊ आणि मोबाईलवर शूट करू. तिकिटाच्या अटी वाचा. जे काढाल ते स्वतःपुरतं, धंद्यासाठी वापरायचं नाही, असंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. पाच कड्यांचं चिन्हसुद्धा पोस्टरवर टाकू नका, त्याची मालकी समितीची आहे आणि त्यांचे वकील जागे असतात.

हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकची अधिकृत फिल्म कोन इचिकावा यांनी केली, त्यांना सगळं मैदान मोकळं होतं, कॅमेरेच कॅमेरे, लांबच्या लेन्सा, पैसा सरकारी. तरी त्यातला माझ्या डोक्यातून न जाणारा भाग कोणता, तर चाडहून आलेला ८०० मीटरचा एक धावपटू, ज्याचा देश १९६० साली स्वतंत्र झालेला, तो मेसमध्ये एकटा जेवतोय, गर्दीत एकटा फिरतोय आणि सेमीफायनलला बाहेर पडतोय. आयोजकांना ती फिल्म आवडली नव्हती बरं का, निकाल कुठे आहेत म्हणाले. पण निकाल तर पेपरात छापून आलेलेच असतात. त्या माणसाचं जेवण कुठेच छापून आलं नव्हतं.

तर मैदानातली मिनिटं दुसऱ्यांच्या मालकीची. त्याआधीची दोन वर्षं आणि नंतरचे सहा महिने कोणीच विकत घेतलेले नाहीत, आणि ते आपल्या तालुक्यात घडतात.

पायरी २: माणूस निवडा, पण त्याआधी खेळांची यादी बघा

एका पोराने मला सांगितलं की चाळीसगावकडचा एक पहिलवान धरलाय, ग्लासगो कॉमनवेल्थपर्यंत त्याच्या मागे राहणार. कल्पना चांगली, आपल्याकडे कुस्ती जत्रेपासून सुरू होते, विजय चौधरी चाळीसगाव तालुक्याचेच, २०१४ ते २०१६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. पण ग्लासगो २०२६ च्या यादीत फक्त १० खेळ, आणि कुस्ती त्यात नाहीच. हॉकी नाही, बॅडमिंटन नाही, नेमबाजी नाही. ते पोरगं तीन महिने आखाड्यात पहाटे पाचला जाऊन बसत होतं आणि यादी उघडून बघितली नव्हती. तसंच खो-खोचं. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ आणि बायकांनी ७८-४० हरवलं, महाराष्ट्राची पोरंपोरी त्यात पुढे होती. पण खो-खो ऑलिम्पिकमध्ये नाही, तेव्हा खो-खोवाल्या मुलीच्या तोंडी उगाच ऑलिम्पिकचं स्वप्न घालू नका.

तारखा भिंतीवर लिहून ठेवा. जपानमधल्या आइची-नागोयाचे एशियन गेम्स १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६. लॉस एंजेलिस ऑलिम्पिक १४ ते ३० जुलै २०२८. आणि २०३० ची कॉमनवेल्थ अहमदाबादला, पहिली १९३० ला कॅनडात हॅमिल्टनला झाली होती म्हणजे शंभरावं वर्ष. यादीतली ही शेवटची स्पर्धा आपल्यासाठी सोन्याची खाण आहे, जळगाव-अमळनेर-नंदुरबारहून नवजीवन एक्स्प्रेसमध्ये बसलं की थेट अहमदाबाद.

आणि खेळाडूच पाहिजे असं कोणी सांगितलं? स्टेडियमं उभी राहायला माणसं लागतात, आणि खान्देशातली माणसं कामाला गुजरातमध्ये जातात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. सुरतला लिंबायत-उधन्यात चक्कर मारा, अर्धी गल्ली अहिराणी बोलते. त्यातलं एखादं कुटुंब आज ना उद्या अहमदाबादच्या कुठल्यातरी साइटवर सेंट्रिंगच्या कामाला दिसेल, चार वर्षं त्यांच्या मागे राहा, उद्घाटनाच्या दिवशी ते कुठे असतील ते बघा. मला स्वतःला वेळ असता तर मी हेच केलं असतं. कोणी केलं तर मला सांगा, जळेन पण बघायला येईन.

खेळाडूच घेणार असाल तर नाव झालेला घेऊ नका. त्याला मॅनेजर असतो, स्पॉन्सर असतो, तुमचा फोन तिसऱ्या माणसाकडे जातो. जिल्ह्यातून राज्याला आणि राज्यातून नॅशनलला पोचलेला, पण अजून पेपरात दोनच वेळा फोटो आलेला, असा शोधा. आणि एक नाही, दोन धरा. मी एकच धरली. २०२२ ला सुरुवात केली, मे महिन्यात बातमी आली की कोविडमुळे हांगझोऊची स्पर्धा वर्षभर पुढे ढकलली, झालं, माझं एक वर्षाचं बजेट दोन वर्षांवर ताणलं. दुसरं कोणी असतं तर मधल्या काळात काहीतरी घडत राहिलं असतं, इथे नुसता सराव, सकाळ-संध्याकाळ तोच रस्ता.

पायरी ३: परवानगी, आणि ती कागदावरच

कॅमेरा काढायच्या आधी चार वेळा नुसतं जाऊन या. चहा प्या, वडिलांना शेतात मदत करायची गरज नाही पण शेतात जाऊन उभं तरी राहा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरच्यांना वाटलं मी मुलगी बघायला आलेल्यांपैकी कोणी आहे, कारण लग्नवाला म्हणून मला तिकडे दोन-चार जण ओळखत होते. तो घोळ निस्तरायला एक आठवडा गेला.

परवानगीचा कागद मराठीत करा, एक पान, मोठ्या अक्षरात, आणि वाचून दाखवा. घरात अहिराणी चालते तर अहिराणीत समजवा. सातपुड्यात धडगाव-मोलगीकडे जाणार असाल तर पावरी नाहीतर भिलोरी बोलणारं गावातलंच माणूस सोबत घ्या, नुसती मान हलली म्हणजे समजलं असं धरू नका. खेळाडू अठराच्या आत असेल तर आई-वडिलांची सही, आणि त्या पोरालाही वेगळं विचारा. कागदात तीन गोष्टी पाहिजेतच: फिल्म कुठे कुठे दाखवणार, पैसे मिळाले तर काय, आणि एखादा सीन नको वाटला तर ते कोणत्या टप्प्यापर्यंत सांगू शकतात. ही तिसरी गोष्ट मी लिहिली होती म्हणून वाचलो.

पैशाचं आधीच स्पष्ट बोला. गावात कॅमेरा आला म्हणजे पैसा आला असं धरतात, त्यात त्यांची चूक नाही. मी सांगितलं की रोजचे पैसे देत नाही, तिच्या प्रवासाचा खर्च माझ्या गाडीतून होईल तेवढा माझा. आणि कोणी मला बॅनर फ्रेममध्ये दिसला पाहिजे म्हणून मदत करायला लागला तर नको म्हणायचं हेही ठरवून ठेवलं होतं, खर्च दोन लग्नसिझनमधून काढला.

शिबिरांत आणि प्रशिक्षण केंद्रांत लेखी परवानगीशिवाय शूट होत नाही, अर्ज वेळेवर करा, उत्तराची वाट बघा, उत्तर आलं नाही तरी तिथे भांडू नका, भांडणाचा त्रास खेळाडूला होतो. आणखी एक जे नव्यांना माहीत नसतं: वरच्या पातळीचे खेळाडू उत्तेजक चाचणीच्या यादीत असतील तर त्यांना रोज एका तासासाठी आपण कुठे असू ते आधी कळवून ठेवावं लागतं. तो तास तुमच्या शूटसाठी हलवायला लावू नका. चाचणीला आलेल्या माणसांना शूट करू नका. आणि तुमच्याकडची खोकल्याची गोळी, ताकदीची पावडर, काहीही त्यांच्या हातात देऊ नका, साध्या सर्दीच्या औषधातल्या एका घटकावरून करिअरं गेलीत.

पायरी ४: सामान

इथे मी लांबण लावणार नाही, कारण तुमच्याकडे आहे ते पुरतं. लग्नाला चालतो तो कॅमेरा इथे चालतो. गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा तो दांडा, घरी ठेवा. खरं सांगतोय, गिंबल आणि स्लोमोशन या दोन सवयी सुटल्या की अर्धी डॉक्युमेंटरी जमली, नाहीतर शेतातून पळणारी मुलगी प्रीवेडिंगसारखी दिसायला लागते. ट्रायपॉड आणि कॅमेरा खांद्यावर धरायची ताकद, बस. एका सेटिंगकडे मात्र लक्ष द्या: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५०, नाहीतर ट्यूबलाइट आणि फ्लडलाइट खाली पट्टे फिरतात. जपान अर्धा ५० आणि अर्धा ६० हर्ट्झचा आहे, आणि नागोया ६० वाल्या भागात येतं, तिथे दिव्यांखाली शटर १/६० करा. पूर्वेला टोकियोत परत १/५०. अमेरिकेत ६०.

पैसे घालायचेच तर आवाजात घाला. चित्र हललं तर लोक सहन करतात, आवाज गेला की उठून जातात. दोन लेपल माइक (कपड्याला लावायचे छोटे), एक छोटा रेकॉर्डर, वाऱ्यासाठी केसाळ टोपी. आपल्याकडचा एप्रिल-मेचा वारा माइकमध्ये असा घुसतो की बोलणारा माणूस आणि ट्रॅक्टर यात फरक कळत नाही. माइक ओढणीखाली लावला तर कपडा घासतो, आतून मेडिकलच्या चिकटपट्टीने बसवा. प्रत्येक जागी एक मिनिट गप्प उभं राहून नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा, विहिरीची मोटर, होला, लांबची एसटी, एडिटला तो तुमचा जीव वाचवतो.

उन्हाळ्यात ४४ अंशात कॅमेरा तापून बंद पडतो. छत्री सोबत ठेवा, तुमच्यासाठी नाही, कॅमेऱ्यासाठी. लांब मुलाखत फोर-केमध्ये नको, साध्या एचडीत घ्या. फोर-के १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी खातं, गुणाकार करा आणि मग हार्डडिस्क विकत घ्या, दोन घ्या, आणि दुसरी दुसऱ्या घरी ठेवा. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असेल तर नियम सोपे, वरचा असेल तर नोंदणी लागते, सरकारी नकाशातल्या हिरव्या (मोकळ्या) झोनमध्येही ४०० फुटांच्या वर जायचं नाही, आणि जळगाव विमानतळाच्या आसपास असाल तर नकाशा बघितल्याशिवाय उडवूच नका.

पायरी ५: शूट म्हणजे नेमकं काय करायचं

मला सगळ्यात जास्त विचारतात ते मुलाखतीबद्दल. सोफ्यावर बसवून, मागे पडदा लावून, "तुमचा प्रवास सांगा" असं विचाराल तर पेपरात वाचलेलीच वाक्यं परत ऐकायला मिळतील, आईवडिलांचे उपकार, सरांचे उपकार, देशासाठी पदक. माणूस काम करत असताना विचारा. मी तिच्या आईशी सगळ्यात चांगलं बोललो ते कळण्याची भाकरी थापताना, तिचे हात चालू होते म्हणून तिचं तोंड मोकळं होतं. तिने सांगितलं की पोरगी पळायला लागल्यापासून घरात बुटांचा विषय निघाला की वडील उठून गोठ्यात जातात. हे सोफ्यावर आलं नसतं.

पळणं शूट करताना सगळं शरीर सारखं दाखवू नका. बुटाच्या तळव्याचा झिजलेला भाग. घड्याळाच्या पट्ट्याखालचा पांढरा राहिलेला मनगटाचा रंग. आमच्याकडे ट्रॅक नाही म्हणून ती कॅनॉलच्या रस्त्यावर पळायची, चारशे मीटरच्या खुणेसाठी बाभळीला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. ती पिशवी मी चौदा महिने शूट केली, उन्हाने पांढरी होत होत शेवटी चिंध्या झाली, आणि एडिटला मला वेळ गेला हे सांगायला एकदाही पाटी टाकावी लागली नाही.

आता निवडीचा दिवस. ॲथलेटिक्समध्ये प्रत्येक प्रकाराला फेडरेशन एक पात्रता वेळ ठरवते, तेवढ्यात पळायचं, नाहीतर घरी. जून २०२३ ला भुवनेश्वरला कलिंगा स्टेडियममध्ये आंतरराज्य स्पर्धा होती, एशियन गेम्सच्या आधीची शेवटची संधी. मी पण गेलो. गेटवर ट्रायपॉड अडवला, बरोबरच होतं त्यांचं, माझ्याकडे पास नव्हता. आत प्रेक्षक म्हणून बसलो, काही शूट केलं नाही. तिची वेळ बसली नाही, आणि ते शेवटच्या दोन फेऱ्यांत सगळ्यांनाच दिसत होतं. बाहेर आल्यावर ती गेटजवळच्या पायरीवर बसली. कॅमेरा माझ्या खांद्यावर होता, चालू केला नाही. पण तिच्याच सांगण्यावरून त्या दिवशी सकाळपासून बॅगेत रेकॉर्डर चालू होता, आणि त्यात सगळं आलं: स्पाइक्स काढताना वेलक्रोचा आवाज, बॅगेची चेन, पाण्याची बाटली, आणि घरी लावलेला फोन, "नाही झालं" एवढंच, मग तिकडून वडिलांचं खोकणं. आठ दिवसांनी मी तिला ते ऐकवलं आणि विचारलं ठेवू का. दोन दिवसांनी हो म्हणाली. फिल्ममध्ये त्या जागी फक्त रस्ता दिसतो आणि हा आवाज आहे.

त्यावरून धडा घ्यायचाच तर असा घ्या की निवड होणार नाही हे धरूनच प्लॅन करा. बहुतेकांची होत नाही.

मग ऑक्टोबर. ३ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊला बायकांची ५,००० मीटर. मी त्यांच्या घरी गेलो, कारण मला बघायचं होतं की न गेलेली माणसं ती शर्यत कशी बघतात. आणि इथे मी मोठी चूक केली. घरात दहा-बारा माणसं, शेजारपाजारचे, टीव्ही मोठ्या आवाजात. मी कॅमेरा टीव्हीकडे लावला! पारुल चौधरीने शेवटच्या काही मीटरमध्ये जपानच्या मुलीला मागे टाकून सोनं घेतलं आणि माझ्याकडे ते चित्र आहे, जे मला वापरता येत नाही कारण ते माझं नाही. माझ्या पाठीमागे तेव्हा आजी सूपात तूर निवडत होती, ती थांबून टीव्हीकडे बघत म्हणाली, "आपली पोर कथी शे?", म्हणजे कुठे आहे, आणि आमची मुलगी तिच्या शेजारीच खाटेवर बसलेली, म्हणाली, "मी आठेच शे ना, आजी," इथेच आहे ना. हे मी ऐकलं, शूट नाही केलं. आवाज आहे पण त्यावर कॉमेंट्री आणि नंतर लगेच एक जाहिरात इतकी चढलीय की निम्मं कळत नाही, आणि ती कॉमेंट्रीसुद्धा दुसऱ्याच्या मालकीची.

म्हणून: टीव्हीला पाठ करा, माणसांकडे बघा. घरच्यांना विनंती करून आवाज कमी ठेवा, बोलणाऱ्यांना लेपल लावा. आणि वेळ आधी काढून ठेवा, नागोया आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिथली सकाळी नऊची हीट (प्राथमिक फेरी) आपल्याकडे पहाटे साडेपाचला. ग्लासगो उन्हाळ्यात साडेचार तास मागे. लॉस एंजेलिस जुलैत साडेबारा तास मागे, तिथली संध्याकाळी सातची फायनल आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, म्हणजे दूध घालायच्या वेळेला. लाइट जाणार हे धरून इन्व्हर्टर कोणाकडे आहे ते आधी विचारून या.

पायरी ६: तिकडे जायचंच असेल तर

थोडक्यात. सामान परदेशात नेऊन परत आणायचं तर एटीए कार्ने नावाचा कागद असतो, आपल्याकडे तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते, म्हणजे कस्टमला ड्युटी भरावी लागत नाही. एकच छोटा कॅमेरा असेल तर निघतानाच कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, परतताना आपलाच कॅमेरा आपण विकत आणला नाही हे सांगत बसायला नको. लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये नाही, हातातल्या बॅगेत, १०० वॉट-अवरपर्यंत चालतात, त्यावर १६० पर्यंत एअरलाइनला विचारून, तेही दोनच. स्टेडियमच्या आत काही मिळणार नाही हे माहीत असूनच जा, बाहेर काय आहे ते शूट करा: तिकीट न मिळालेले, झेंडे विकणारे, आपल्या देशाची दोन माणसं एकमेकांना भाषेवरून ओळखतात ते.

पायरी ७: दुसऱ्याचं फुटेज, फोटो, गाणी

प्रसारणाचे हक्क आपल्या कायद्यात २५ वर्षं चालतात, फोटोचे ६० वर्षं. ऑलिम्पिकचं जुनं फुटेज समितीच्या लोझानच्या संग्रहाकडून विकत मिळतं, किती सेकंद, कुठल्या देशात, किती वर्षं यावर भाव ठरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात परीक्षण आणि बातमीसाठी थोडी सूट आहे, पण तुमची फिल्म त्यात बसते का हे यूट्यूबच्या कमेंटवाल्याला नाही, वकिलाला विचारा. स्थानिक पेपरात आलेला फोटो लागला तर फोटोग्राफरला फोन करा, आपल्याकडची माणसं बहुतेक हो म्हणतात आणि नाव टाका म्हणतात. गाणं मात्र विसरा, मागे लग्नाचा डीजे वाजत असेल तर ते संपेपर्यंत मुलाखत थांबवा.

पायरी ८: एडिट आणि दाखवणं

माझ्याकडे साठ तासांच्या वर माल होता. आधी सगळं बघा, वहीत लिहा, कापायला घाई नको. अहिराणीला मराठी सबटायटल वेगळी आणि इंग्रजी वेगळी करा, पुण्याच्या माणसालाही "आठे-तठे" (इथे-तिथे) कळत नाही. दोन ओळींच्या वर नको. लांबी टीव्हीला ५२ मिनिटं मागतात, ते धरून चाला. थिएटरात लावायची तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, फेस्टिव्हलला सूट मागता येते. डॉक्युमेंटरीसाठी मुंबईचा मिफ हा आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल १९९० पासून आहे, पहिल्यांदा पाठवायचं ते तिथे पाठवा, नाकारलं तरी पुढच्या वेळी फॉर्म भरायची सवय होते.

पण सगळ्यात आधी घरच्यांना दाखवा. कच्चा कट, लॅपटॉपवर, त्यांच्या ओट्यावर. मी गेलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती, डास, आणि वडील शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, दादा, तो बैल विकला त्या दिवशीचा भाग काढून टाका. तो भाग तीन मिनिटांचा होता, आणि माझ्या मते फिल्मचा सगळ्यात चांगला. मी म्हटलं, नाना, त्यात तुमचं काही वाईट दिसत नाही. ते म्हणाले, गावात दिसंल ना. कागदावर लिहिलेलं होतं, काढला. फिल्म ५२ ची ४९ मिनिटांची झाली, एका ठिकाणी त्या तीन मिनिटांमुळे लांबीत बसली नाही तेही सोसलं. गावात शाळेच्या भिंतीवर मंडपवाल्याचं पांढरं कापड बांधून दाखवली तेव्हा ते पहिल्या रांगेत बसले होते. तो सीन अजून हार्डडिस्कवर आहे, फोल्डरला नाव दिलंय "नको", आणि दुसऱ्या घरी ठेवलेल्या कॉपीतून तो मी पुसून टाकलाय.